हेल्मेटाचा जबडा आणि माझा अबोला

दुपारी शिलाई मशीनवर बसलं की हल्ली माझा डोळा लागतो. पाय पायडलावर असतो, सुई खालीवर होत असते, आणि मी मात्र तिथं नसते. मी गाडीवर असते, मालकांच्या मागं, पाय डावीकडं सोडून. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला ऊस. उसाला तुरे आलेले, आणि धुकं असं की तुरा कुठं संपला आणि आभाळ कुठं लागलं ते सांगता येऊ नये. गाडीला आवाज नसतो. चाकं रस्त्याला टेकतात की नाही कोण जाणे. मालक पुढं काहीतरी बोलतात, मी हसते, पण काय बोलले ते जागी झाल्यावर आठवत नाही. एवढंच आठवतं की त्यांच्या हेल्मेटाचा जबडा उघडा होता आणि मला त्याची भीती वाटली नव्हती.

भीती जागी झाल्यावर वाटते.

आता हे सांगायचं तर थोडं मागनं यावं लागेल, कारण हेल्मेट घरात आलं ते पार शेवटाला, आणि आमचं बोलणं सुरू झालं त्याच्या कितीतरी आधी. बोलणं म्हणजे माझं आणि मालकांचं. मालक म्हणजे माझा नवरा. ते फौजेत ड्रायव्हर होते, तोफा ओढणारी गाडी चालवायचे, त्यात उजवा कान गेला. लग्न झालं आणि चार-सहा दिवसांत ते गेले, आणि पुढची कितीतरी वर्षं आमचं बोलणं पत्रातनं. मला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की शेजारच्या सुनेकडं घेऊन जायचं, ती वाचणार आणि मी चुलीकडं बघत ऐकणार. दुसऱ्याच्या तोंडून येणाऱ्या पत्रात तो बिचारा माणूस ‘तब्येतीची काळजी घे’ याच्या पुढं काय लिहिणार? पुढं मी ब्लाउज शिवायला लागले. कटिंगसाठी जुनी वर्तमानपत्रं घ्यायची, बाहीचा आकार, गळ्याचा आकार कापायचा, आणि कापता कापता त्यातली अक्षरं ओळखायची. असं करत वाचायला आलं. नीट वाचायला आलं तवर मालक पेन्शनीत घरी आले होते, आणि पत्रं बंद झाली होती.

घरी आले म्हणून बोलणं झालं असं नाही. त्यांना ऐकू कमी, माझं मशीन खडखडतंय, बाहेर हळद घासायला आलेली माणसं. पण आमची मुलगी कोरेगावला दिलीय, आणि आमचं गाव पलूसच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला. दर पंधरा दिवसांनी आम्ही दोघं गाडीवरनं तिच्याकडं जाणार. कराड, मसूर, रहिमतपूर, कोरेगाव. मी पाय डावीकडं सोडून बसते, त्यामुळं जरा पुढं झुकलं की माझं तोंड नेमकं त्यांच्या चांगल्या कानाशी येतं. त्या सीटवर मी जे बोलले ते जन्मात कुठं बोलले नाही. काय बोलायचे म्हणाल तर काहीच नाही. ह्या रानातला ऊस आडवा झालाय, त्या घराला नवा रंग दिलाय, तुम्ही फौजेत गेलात तवा मी तीन दिवस मागच्या दारात बसून होते, ह्या ओढ्याला आधी पूल नव्हता, मला तुमच्या पहिल्या पत्राचा कागद अजून आठवतो. असं एकात एक. आणि ते पुढनं ‘हां’, ‘मग’, ‘कवा गं?’ एवढं बोलायचे. तेवढ्यावर माझी गाडी पार रहिमतपूरपर्यंत जायची.

तर ते हेल्मेट मुलीनं आणलं. मालकांचा चष्मा जाड, कानामागं जाड काड्यांचा. सगळं तोंड झाकणारं सलग हेल्मेट घालायचं म्हटलं की आधी चष्मा काढा, मग डोकं घाला, मग आतल्या आत चष्मा चाचपत बसवा, आणि तो वाकडा व्हायचाच. म्हणून ते नुसती वरची टोपी असलेलं हेल्मेट घालायचे, हनुवटी उघडी. मुलीला ते पटायचं नाही. तिनं दुकानात विचारून हे नव्या तऱ्हेचं आणलं. दुकानदार त्याला मॉड्युलर म्हणतात. ह्याचा हनुवटीकडचा भाग वर उचलता येतो. हनुवटीखाली लाल बटन, ते दाबलं की पुढचा सगळा भाग काचेसकट कपाळावर जातो. चष्मा तसाच ठेवून डोकं आत घालायचं, आणि मग वरचा भाग खाली ओढायचा. दोन्ही बाजूंना आत खटके आहेत, ते बसले की आवाज येतो, कट कट, एकामागं एक.

आमची नात त्याला मगर म्हणाली. कृष्णेच्या पुलावरनं तिनं एकदा वाळूत पडलेली मगर बघितली होती, तोंड उघडं टाकून ऊन खात असलेली. आजोबांनी बटन दाबलं, जबडा वर गेला, आत आजोबांचं तोंड दिसलं, तशी ती दाराआड पळाली आणि परत येऊन म्हणाली, आणखी एकदा. तेव्हापासनं आमच्यात त्या भागाला जबडाच म्हणतात.

मुलीनं बजावून सांगितलं होतं की जबडा थांबल्यावर उघडायचा, गाडी चालू असताना बंदच हवा. मालकांनी मान डोलावली. फौजेतला माणूस, नियम म्हटला की नियम. पट्टा तर त्यांनी एक दिवससुद्धा न लावता गाडी काढली नाही. पहिल्या फेरीला जबडाही बंद ठेवला. मी मागनं बोलतेय, बोलतेय, आणि पुढनं ‘हां’ नाही की ‘मग’ नाही. मला वाटलं, भिंतीशी बोलतेय. मसूरच्या रेल्वे फाटकात गाडी थांबली तेव्हा त्यांनी जबडा उचलला आणि विचारलं, ‘काय म्हणत होतीस?’ मी म्हटलं, ‘आवं, कराडपासनं बोलतीय मी.’ ते हसले. फाटक उघडलं, आणि जबडा वरच राहिला.

तिथनं सुरू झालं. आधी फाटकापासनं गावाच्या वेशीपर्यंत, मग कालव्याच्या रस्त्याला, कारण तिथं गर्दी नसते. मग सगळ्याच रस्त्याला. मगरीचा जबडा कपाळावर, आणि त्याखालनं मालकांचं तोंड वाऱ्यावर. त्यांचे शब्द वाऱ्यानं मागं यायचे, तुटके तुटके, आणि मी ते पदरात झेलल्यासारखे घ्यायची. आता आठवलं की वाटतं, इतकं चांगलं कधी काही नव्हतंच. कधी कधी वारा जबड्यात भरायचा आणि त्यांचं डोकं मागं ओढलं जायचं. मला ते दिसायचं. मला वाटायचं, माझ्याकडंच बघायला मागं वळताहेत.

बटन नवं होतं तवा कडक होतं. त्यांच्या अंगठ्यात संधिवात. मी काय केलं, मशीनच्या तेलाची कुपी घेतली आणि दोन्ही खटक्यांत दोन दोन थेंब सोडले. शिलाई मशीनला मी दर शुक्रवारी तेल देते, त्याच हातानं ह्यालाही द्यायला लागले. दाराची कडी, कात्रीचा खिळा, आडकित्ता, आमच्या घरात जे म्हणून हलतं ते माझ्या तेलाशिवाय नसतं. बटन कसं लोण्यासारखं झालं. हेल्मेट टांगायची खुंटी होती हळदीच्या खोलीत. हळद शिजवून, वाळवून, पिंपात फिरवून घासली की जी पिवळी भुकटी उडते ती महिना-महिना खाली बसत नाही. मी आपलं वरनं फडक्यानं पुसायची. आतलं कोण बघतंय?

त्या हिवाळ्यात आम्ही कोरेगावला गेलो, तेव्हा मुलीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, आणि त्यांच्याकडचे चारदोन पाहुणे जेवायला होते. जेवणं झाली, पान-सुपारी चालली होती, आणि विहीणबाईंनी त्या हेल्मेटाची चौकशी केली. म्हणाल्या, ह्याचं तोंड उघडतं म्हणतात. मालकांना कधी नाही ते बोलायचं स्फुरण चढलं. ‘उघडतं,’ ते म्हणाले, ‘पण मिटत न्हाई. हिच्या बोलण्यापायी पलूस ते कोरेगाव जबडा वासूनच यावं लागतं मला.’

सगळे हसले. विहीणबाई तर डोळे पुसत हसल्या. मुलगीसुद्धा हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं वडलांना विचारलं की म्हणजे तुम्ही उघडं ठेवूनच चालवता? पण ते त्या हसण्यात वाहून गेलं. मी पण हसले. चारचौघांत काय करणार? पण आतनं मला असं वाटलं, की ती सीट, तो वारा, ते पहिल्या पत्राच्या कागदाचं बोलणं, सगळं उचलून कुणीतरी जेवणाच्या ओट्यावर आणून ठेवलंय आणि पाहुणे त्याला हात लावून बघताहेत.

मी बोलणं बंद केलं. रागावले, भांडले, असलं काही नाही. नुसती गप्प झाले. सकाळी चहा दिला, डबा बांधला, गाडीवर बसले, आणि गप्प.

रात्री मुलीकडंच राहून सकाळी निघालो तेव्हा धुकं होतं. कोरेगाव सुटलं. मालकांचा जबडा वर होता, नेहमीसारखा. थोड्या वेळानं त्यांनी मान डावीकडं कलती केली, म्हणजे कान माझ्याकडं दिला. मी बोलले नाही. पुढं एका शेतात मेंढरं बसली होती, धुक्यात नुसती काळी पांढरी ढेकळं, आणि मला म्हणायचं होतं की बघा, माणदेशाकडची लोकं आली. म्हटलंच नाही. रहिमतपूरच्या पुढं त्यांनी गाडी हळू केली. ‘काय गं?’ म्हणाले. मी कालव्याकडं बघत राहिले. त्यांनी थोडी वाट बघितली. मग हात वर केला आणि जबडा खाली ओढला.

आवाज आला. कट.

एकच.

माझ्या कानाला सवय आहे बघा. मशीनच्या आवाजात एक टाका सुटला तरी मला न बघता कळतं. दोन आवाज यायला हवे होते, आला एक. माझ्या मनात अगदी स्पष्ट आलं, की सांगावं, दुसरा खटका बसला नाही. तोंड उघडलंसुद्धा. आणि मग वाटलं, आपण कशाला आधी बोलायचं? मी तोंड मिटलं. धुक्यातनं आम्ही दोघं तोंडं मिटून चाललो. ते चालणं मला अजून दिसतं, आणि खोटं का बोलू, सुंदर होतं ते. कुणीच काही बोलत नसल्यामुळं पाखरं ऐकू येत होती.

मसूरच्या पुढं रस्त्याला गोड वास यायला लागला. कारखान्याला जाणाऱ्या ट्रॉल्यांतनं पडलेला ऊस चाकांखाली चिरडलेला, त्याचा रस रस्त्यावर, वरनं दव. समोर धुक्यातनं ट्रॉलीची शेपटी एकदम निघाली, उसाची कांडी बाहेर आलेली. मालकांनी ब्रेक दाबला. गाडी जोरात नव्हती. पण पुढचं चाक आमच्यातनं निघून गेलं, पंगतीतनं एखादं माणूस न सांगता उठून जावं तसं. मला पडल्याचं आठवत नाही. हिरवा वास आठवतो. कडेला उसाच्या शेंड्यांचा ढीग होता, वाडं म्हणतात आमच्याकडं, जनावरांना घालायला काढलेलं. मी त्यात होते. डोक्यावर माझं छोटं हेल्मेट होतं, मुलीनंच दिलेलं. आणि कुठनंतरी आवाज येत होता, खरखर खरखर, पाट्यावर कुणी दगड ओढतंय असा. तो आवाज लांबत गेला आणि थांबला. ते मालक होते, तोंडावर पडून घसरत गेलेले.

मी रांगत गेले. ट्रॉलीवरची दोन माणसं पळत आली. एकानं हेल्मेटाला दोन्ही बाजूंनी हात घातला, काढायला म्हणून. तेवढ्यात ऊस तोडणाऱ्यांतली एक बाई आली, माझ्याहून थोडी लहान, कमरेला पदर खोचलेला. पूर्वेकडची, दुष्काळी भागातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली, हे तिनं नंतर सांगितलं.

‘वढू नगा,’ ती म्हणाली. ‘मान हाय ती.’

ती खाली बसली आणि तिनं दोन्ही तळव्यांत डोकं धरलं, हेल्मेटासकट. माणसांना म्हणाली, अंग आणि डोकं एकदम वळवा, माझ्या हाताबरोबर. त्यांनी वळवलं. मालक उताणे झाले. काचेवर चरे, आतलं काही दिसेना. तिनं डोकं न सोडता मला विचारलं, हे फुडनं कुठनं उघडतं का? मी म्हटलं, उघडतं. माझा हात त्यांच्या हनुवटीखाली गेला, बटन हाताला लागलं, आणि मी दाबलं. एरवी सरळ वर जाणारा जबडा वाकडा होऊन, अडखळत वर गेला.

आत मालक होते. चष्मा नाकावरनं खाली आलेला, ओठाला दाताचं थोडं रक्त. हनुवटी होती तशी. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, ‘आता तरी बोल.’

आणि मला, काय सांगू, एक शब्द सापडेना. पलूस ते कोरेगाव ज्या तोंडाला विसावा नाही, त्या तोंडात एक शब्द नव्हता. मी नुसता त्यांच्या हनुवटीवर हात ठेवला. सगळी होती. खुंट टोचत होते.

‘बोल की बाई,’ ती बाई म्हणाली, ‘माणूस इचारतोय.’

‘दाढी वाढलीया तुमची,’ मी म्हटलं.

दवाखान्याची गाडी येईपर्यंत ती बाई हललीच नाही. दोन्ही हातांत डोकं धरून बसून राहिली आणि बोलत राहिली, बहुतेक माझ्यासाठी. मेंढरू खड्ड्यात पडलं की मानेला धरून उचलायचं नसतं, म्हणाली, सगळं अंग एकदम उचलायचं. मग ती तिच्या फडाकडं गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं. आता ती धुक्यातनं आली आणि धुक्यातच गेली असं मला वाटतं, पण तसं नसणार, तिला दिवसभराचा ऊस तोडायचा होता.

कराडच्या दवाखान्यात मालकांच्या मनगटाला प्लास्टर घातलं, गुडघा शिवला, मानेचा फोटो काढला, मान चांगली होती. माझी कंबर काळीनिळी. डॉक्टरीण बाईंनी हेल्मेट हातात घेऊन फिरवून बघितलं. जबड्याच्या खालच्या कडेला एक पन्हाळ पडली होती, बोट मावेल अशी. म्हणाल्या, ही पन्हाळ तुमच्या हनुवटीवर पडायची होती.

पुढचे पंधरा दिवस घरात येणाऱ्या प्रत्येकाला मालक तीच गोष्ट सांगायचे. म्हणायचे, हिचा अबोला होता म्हणून जबडा बंद होता, आणि बंद होता म्हणून मला आज तोंड आहे. माणसं हसायची, मला म्हणायची, बाई, तुमच्या रुसण्यानं नवरा वाचवला. मी चहा ठेवायला आत जायची. कारण बाकी सगळ्या दिवसांचं काय, हे कुणी विचारत नव्हतं. इतक्या फेऱ्या तो जबडा माझ्यासाठी उघडा होता. आणि त्या दिवशीचा तो एक कट. तो मला मशीनवर ऐकू यायचा, भांडी घासताना ऐकू यायचा.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही मुलीसोबत कराडच्या हेल्मेटवाल्याकडं गेलो. हा माणूस आधी घड्याळं दुरुस्त करायचा, मोबाईल आले तशी घड्याळं कमी झाली, मग ह्याच्यात आला. डोळ्याला ते भिंग अजून लावतो. त्यानं आमचं हेल्मेट घेतलं, उजवा खटका भिंगातनं बघितला, आणि सुईनं आतनं काहीतरी उकरून कागदावर काढलं. पिवळी घट्ट गोळी. त्यानं वास घेतला.

‘हळद?’ तो म्हणाला.

मी सांगितलं. तेल मी घातलं, दर शुक्रवारी. मालक लगेच म्हणाले, त्यात काय, मशीन चालतंच की त्या तेलानं.

तो माणूस रागावला नाही. घड्याळवाल्याच्या शांतपणानं त्यानं समजावलं. तेलाला धूळ चिकटते, हळद चिकटली, तिचा लगदा झाला, आणि आतली खिटी बाहेर यायचीच बंद झाली. त्या दिवशी जबडा एका डाव्या खटक्यावर धरून होता. उजवी बाजू नुसती टेकलेली. म्हणूनच तिथं कवचाला चीर गेलीय. आणखी जोरात आपटले असते तर एका खटक्यानं धरलं असतं का, हे तो सांगू शकत नव्हता. म्हणाला, जे हेल्मेट उघडतं त्याला सांधा आहे, आणि सांधा आहे तिथं लक्ष हवं. सलग असतं त्याला सुटायला जागाच नाही. पण ह्यांना चष्म्यामुळं ते घालवत नाही, आणि न घालता खुंटीला राहिलेल्या हेल्मेटापेक्षा डोक्यावरचं बरं. फक्त खटके धातूचे बघून घ्या, ओल्या फडक्यानं पुसा, तेल नको, रॉकेल नको, आणि मिटल्यावर हनुवटीला हात घालून एकदा वर ओढून बघा.

मुलीनं उघडं ठेवून चालवायचं विचारलं. तो म्हणाला, काही हेल्मेटं उघडी ठेवूनही तपासलेली असतात, तसं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. ह्याच्यावर नाही. उघडं असलं की तोंड तर उघडं पडतंच, पण तो वरचा जबडा रस्त्याला अडकला तर मान पिरगाळली जाते. हे सांगताना त्यानं हातानं दाखवलं, आणि मला ते वाऱ्यानं मागं ओढलं जाणारं डोकं आठवलं, जे मला माझ्याकडं वळल्यासारखं वाटायचं.

मग त्यानं आतला पांढरा, थर्माकोलसारखा थर दाखवला. वरनं चांगला दिसत होता, पण हनुवटीकडं दाबून बसला होता. एकदा मार खाल्ला की त्याचं काम संपलं, म्हणाला, दुसऱ्या वेळेला त्याच्यात काही उरत नाही. त्यानं कात्री घेतली आणि आमच्यासमोर पट्टा कापून टाकला, म्हणजे कुणी चुकून घालायला नको. पट्टा नसलेली मगर नातीनं मागून घेतली. ती अजून तिच्याकडं आहे, पुस्तकांच्या कप्प्यात, जबडा वासून.

नवं हेल्मेट घेऊन मुलगी पुढं झाली, आणि आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर थांबलो. मला वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर हे माझ्याबरोबर राहणार.

‘त्या दिवशी एकच वाजलं होतं,’ मी म्हटलं. ‘मी ऐकलं होतं.’

ते रस्त्याकडं बघत होते. मला वाटलं, उजवा कान माझ्याकडं आहे, ऐकू गेलं नाही. मी दुसऱ्या बाजूला जायला निघाले, तर त्यांनी हात धरला. चांगल्या मनगटाच्या हातानं.

‘ऐकलं,’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘फुडच्या खेपेला सांग.’

‘आन् रुसलेली असले तर?’

‘रुसलेली असलीस तरी एवढं सांगायचं. दोन वाजले का न्हाईत, एवढंच. मग परत रूस.’

आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, म्हणाले, ‘पाहुण्यांत बोलाय नको होतं मी.’

आता आम्ही तसंच करतो. मालक चष्मा न काढता डोकं आत घालतात, पट्टा लावतात, जबडा खाली ओढतात, आणि मी मागनं ऐकते. कट कट. मी म्हणते, ‘दोन.’ ते हनुवटीला हात घालून एकदा वर ओढून बघतात, आणि गाडी सुटते. तिथनं पुढं त्यांना माझं काही ऐकू येत नाही. मी बोलत नाही असं नाही. सवय जात नाही, ओठ हलत राहतात. पण बरंचसं मी ठेवून देते. काही सांगायचं फार मनात आलं तर त्यांच्या डाव्या खांद्यावर दोनदा थोपटायचं, असं ठरलंय. थोपटलं की ते बघून गाडी कडेला घेतात, थांबवतात, आणि मग बटन दाबतात. कोरेगावला पोचायला आता पहिल्यापेक्षा कितीतरी वेळ लागतो. मुलगी फोन करते, कुठं आहात? आम्ही कुठंतरी कालव्यावर असतो.

परवा असंच. सकाळची वेळ, उसाला तुरे, धुकं विरत आलेलं. मला काहीतरी आठवलं, फार जुनं आणि फार गरजेचं. मी दोनदा थोपटलं. त्यांनी गाडी कालव्याच्या पुलाजवळ घेतली, इंजिन बंद केलं, जबडा उचलला आणि डावा कान माझ्याकडं केला.

‘बोल.’

मी तोंड उघडलं, आणि काय सांगायचं होतं ते गेलेलं. मी पाण्याकडं बघितलं, उसाकडं बघितलं, तिथंही नव्हतं.

‘इसरले,’ मी म्हटलं.

‘येईल,’ ते म्हणाले, आणि गाडीवरनं उतरून कठड्याला टेकले. हेल्मेट डोक्यावर, जबडा वर, तोंडावर कोवळं ऊन. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. खालनं पाणी चाललं होतं. आम्ही वाट बघत थांबलो.